खणलेल्या मातीचा धनी कोण?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शहर वाढते तेव्हा ते वर किती चढले याची मोजदाद सर्वजण करतात. खाली किती खणले गेले याची कोणी करीत नाही. मजल्यांची संख्या जाहिरातीत येते, पुलाची लांबी मंत्र्यांच्या भाषणात येते. परंतु प्रत्येक पाया, प्रत्येक तळघर, प्रत्येक गटार, जलवाहिनी आणि भुयारी रेल्वे यांच्या आधी जमिनीच्या पोटातून माती बाहेर काढावी लागते. ती माती कोठे जाते आणि तिथे गेल्यावर कोणाच्या जिवावर उठते, हा आजचा विषय आहे. वरवर पाहता तो अभियंत्यांचा प्रश्न वाटेल. प्रत्यक्षात तो मालकीचा, जबाबदारीचा आणि सार्वजनिक पैशाचा प्रश्न आहे, आणि म्हणून तो समाजवादी चळवळीचाही प्रश्न आहे.

प्रथम परिमाण लक्षात घ्यावे. सहा मीटर व्यासाचा भुयारी रेल्वेचा बोगदा एक किलोमीटर खणला, तर सुमारे २८ हजार घनमीटर माती वा खडक बाहेर येतो. जाण्याचा व येण्याचा असे दोन बोगदे धरले, तर ५६ हजार घनमीटर. जमिनीत दाबून बसलेली माती मोकळी झाली की फुगते. ती तिसऱ्या हिश्श्याने फुगली असे धरले आणि एका डंपरमध्ये सहा घनमीटर मावते असे मानले, तर एका किलोमीटरसाठी बारा हजारांवर खेपा होतात. स्थानकांचे खोदकाम त्यात धरलेले नाही. या बारा हजार खेपा कोठे रित्या होतात, हे सांगणारा कागद किती शहरांत सापडेल?

उणे किमतीचा माल

अर्थशास्त्राच्या दृष्टीने खणलेली माती हा एक विलक्षण माल आहे. तिची किंमत उणे आहे. सामान्य व्यवहारात माल एका दिशेने जातो आणि पैसा उलट दिशेने येतो. धान्य विकणारा पैसे हाती पडेपर्यंत धान्यावर नजर ठेवतो; घेणारा ते मूठभर हातात घेऊन पारखतो. दोघांच्या स्वार्थामुळे मालावर आपोआप पहारा बसतो. खणलेल्या मातीच्या बाबतीत माल आणि पैसा दोन्ही एकाच दिशेने जातात. देणारा माती देतो आणि ती नेण्याचे पैसेही देतो. माती फाटकाबाहेर पडली की त्याला तिच्याशी कर्तव्य उरत नाही. घेणाऱ्याला पैसे आधीच मिळालेले असतात. माती जितक्या स्वस्तात आणि जितक्या जवळ टाकता येईल तितका त्याचा नफा अधिक. मुख्य ठेकेदाराकडून पोटठेकेदार, त्याच्याकडून वाहतूकदार, त्याच्याकडून खेपेवर राबणारा डंपरचालक, अशी साखळी लांबत जाते आणि प्रत्येक दुव्यावर थोडे थोडे पैसे कापले जातात. अखेरीस मातीबरोबर उरलेल्या पैशात ती नीट ठेवणे शक्यच नसते. बाजार येथे चुकून अपयशी ठरत नाही. त्याच्या घडणीतच हे अपयश आहे.

या अपयशाची किंमत कोण मोजतो याचे दोन दाखले पुरेसे आहेत.

जपानमधील शिझुओका प्रांतात अटामी हे समुद्रकाठचे, गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव आहे. ३ जुलै २०२१ रोजी, दीर्घ पावसानंतर, तेथील इझुसान भागात डोंगराच्या घळीतून चिखलाचा लोंढा वस्तीवर आला. २८ माणसे दगावली. घळीच्या माथ्यावर बाहेरून आणलेली माती वर्षानुवर्षे ओतली गेली होती. कागदावर भरावाची उंची १५ मीटर दाखवली होती. प्रत्यक्षातला भराव त्याहून कितीतरी उंच आणि परवानगीपेक्षा सुमारे दुप्पट होता. त्यातली अंदाजे ५५ हजार घनमीटर माती खाली आली. म्हणजे मघाच्या हिशेबातील एका किलोमीटरच्या दोन बोगद्यांइतकी. धोक्याची कल्पना प्रशासनाला नव्हती असे नाही. सूचना गेल्या होत्या, पत्रव्यवहार झाला होता, पण सक्तीचा आदेश निघाला नाही. प्रांत आणि नगरपालिका या दोघांची कार्यवाही अपयशी ठरली, असा निष्कर्ष चौकशी समितीने २०२२ साली काढला.

दुसरा दाखला चीनमधील शेन्झेनचा. २० डिसेंबर २०१५ रोजी तेथे एका जुन्या दगडखाणीत रचलेला बांधकामाच्या मातीचा ढीग कोसळला, ३३ इमारती त्याखाली गेल्या, ७३ जण मरण पावले आणि चौघांचा पत्ता लागला नाही. पाऊस फारसा नव्हता, भूकंपही नव्हता. खाणीत साचलेले पाणी काढून न देता त्यावर माती चढवीत नेली, एवढेच कारण पुरले. हा दाखला मुद्दाम घेतला आहे. जेथे जमीन सरकारची आहे आणि शहराचे नियोजनही सरकारचे आहे, तेथेही हे घडले. तेव्हा केवळ सार्वजनिक मालकीचे नाव घेतल्याने माती आपोआप सुरक्षित होत नाही. माती कोठून आली, कोठे गेली आणि त्याबद्दल कोणाला किती पैसे मिळाले, याचा हिशेब लोकांपुढे उघडा नसेल, तर सरकारी शिक्का मारलेला ढीगही खाजगी ढिगाप्रमाणेच कोसळतो.

खड्ड्यातून खड्ड्यात

आता प्रश्नाची दुसरी बाजू पाहू. ज्या शहरातून डंपर भरभरून माती बाहेर जाते, त्याच शहरात डंपर भरभरून वाळू आणि मुरूम आत येतो. जलवाहिनीचा चर बुजवायला, तळघराच्या भिंतीमागची पोकळी भरायला, जुनी वाहिनी बंद करून ती भरून टाकायला नवा भराव लागतो. चरातून निघालेली ओली, चिकट माती धुमसून नीट बसत नाही, म्हणून ती टाकून द्यायची आणि दुसरीकडचा डोंगर फोडून वाळू आणायची. टोकियोसाठी शेजारच्या चिबा प्रांतातील टेकड्या याच रीतीने खणल्या गेल्या. एका गावाचा डोंगर जातो आणि दुसऱ्या गावाच्या माथ्यावर नवा उभा राहतो. मधला डिझेलचा धूर मात्र दोघांच्या वाट्याला येतो.

या उलटसुलट वाहतुकीला तोडगा आहे आणि तो नवा नाही. १९६४ साली अमेरिकेत टेक्सासमधील कॅनेडियन नदीच्या जलवाहिनीच्या कामावर, वाहिनीच्या वाटेवरच मिळणारी रेताड माती, पाणी आणि थोडे सिमेंट यांचे पातळ मिश्रण नळाखाली ओतण्यात आले. बाहेरून खडी आणून ठोकून बसवण्यापेक्षा ते स्वस्त आणि जलद ठरले. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटने १९८४ साली या विषयासाठी स्वतंत्र समिती नेमली. जपानमध्ये १९९०च्या दशकात सरकारी संशोधन संस्था आणि बांधकाम व्यवसाय यांनी मिळून शहरातील कोणत्याही खणलेल्या मातीसाठी ही पद्धती विकसित केली.

पद्धती समजायला सोपी आहे. खणलेली माती आधी चाळतात. दगड, लाकूड, विटांचे तुकडे काढून टाकतात. मग तिच्यात पाणी किंवा चिखलाचे पाणी घालून ठरावीक घनतेचा राब तयार करतात. त्यात दर घनमीटरला साधारण शंभर किलोच्या आसपास सिमेंटयुक्त द्रव्य मिसळतात. मातीच्या जातीप्रमाणे हे प्रमाण कमीजास्त होते. तयार झालेला माल पातळ पिठल्यासारखा वाहतो. तो काँक्रीटच्या गाडीतून आणून चरात ओतला की नळाच्या खाली, बगलेत, सांदीकोपऱ्यात आपणहून शिरतो. त्याला धुमसावे लागत नाही. काही तासांत तो आळतो, आणि अठ्ठावीस दिवसांनी साध्या काँक्रीटच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास मजबुती धरतो. ही मजबुती कमी वाटेल, पण ती हेतुपुरस्सर कमी ठेवलेली असते. उद्या नळ फुटला तर तोच चर पुन्हा खणता आला पाहिजे. चांगल्या भरावाला टणकपणाबरोबर ही मर्यादाही पाळावी लागते.

या भरावाचे गुण जपानने भूकंपातही पारखले आहेत. २३ ऑक्टोबर २००४ रोजी निइगाता प्रांतात झालेल्या भूकंपात गटारांच्या चरांतील वाळू पाण्यासारखी पातळ झाली आणि हजारावर मॅनहोल रस्त्याच्या वर उचलले गेले. सिमेंटने बांधलेली माती अशी पातळ होत नाही. म्हणून गटारांच्या चरांसाठी सुचवलेल्या उपायांत तिला स्थान मिळाले.

या पद्धतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण फुकुओका शहरातील. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पहाटे हाकाता स्थानकासमोरचा रुंद रस्ता भुयारी रेल्वेच्या खोदकामामुळे खचला. सुमारे ३० मीटर लांबरुंद आणि १५ मीटर खोल विवर पडले आणि त्यात पाणी भरले. पाणी उपसावे तर कडा आणखी ढासळणार, आणि त्या पाण्यात उतरून कोणी भराव धुमसणे तर अशक्यच. तेव्हा पाण्यात धुपून न जाणारे प्रवाही मातीचे मिश्रण पाण्यातच ओतण्यात आले. काही हजार घनमीटर माल रात्रंदिवस चालणाऱ्या गाड्यांनी पुरवला आणि १५ नोव्हेंबरला रस्ता खुला झाला. त्यानंतर त्याच महिन्यात रस्ता काही सेंटिमीटर बसला आणि वाहतूक थोडा वेळ थांबवावी लागली, हेही सांगितले पाहिजे. जगभरच्या वृत्तपत्रांनी हे जपानी शिस्तीचे कौतुक म्हणून छापले. शिस्त होतीच, पण त्याहून महत्त्वाचे असे की हा माल बनवणारे कारखाने, त्यांच्या गाड्या आणि मिश्रणाची प्रमाणे संकटाच्या आधीपासून जवळपास होती. एका रात्रीत ओतता यावे यासाठी कित्येक वर्षे तयारी असावी लागते, आणि ती तयारी नित्याच्या कामांतील मागणीवरच टिकते.

श्रमिकाची बाजू

या तंत्राविषयी कार्यकर्त्यांच्या मनात स्वाभाविक शंका येईल ती अशी, की धुमसण्याचे काम गेले म्हणजे मजुरी गेली. शंका गंभीर आहे. पण ते काम कसे होते तेही पाहिले पाहिजे. चरातला भराव वीत-सव्वा वीत जाडीच्या थरांनी घालावा आणि प्रत्येक थर धुमसावा, असा नियम असतो. त्यासाठी मजुराला नळ आणि कच्च्या मातीची भिंत यांच्या मधल्या हातभर जागेत उतरावे लागते. भिंत ढासळली तर त्याला पळायला जागा नसते. शिवाय धुमसण्याचे श्रम जमिनीखाली गाडले जातात, ते मोजता येत नाहीत. म्हणून ठेकेदार ते सर्वांत आधी चोरतो. थर न पाळता माती लोटून द्यायची, वर डांबर पसरायचे, आणि पहिल्या पावसात चर खचला की दुसरी निविदा काढायची. प्रवाही भरावाची परीक्षा जमिनीवर, सर्वांच्या डोळ्यांदेखत होते. आठ सेंटिमीटर व्यासाची आणि तेवढ्याच उंचीची नळी भरून उचलायची आणि राब किती पसरतो ते पट्टीने मोजायचे. हे मुकादमही करू शकतो आणि वॉर्डातला नागरिकही. तेव्हा मागणी धोक्याचे काम राखण्याची नसावी. चाळणी, मिश्रण, चाचणी आणि वाहतूक यांची नवी कामे त्याच मजुरांना शिकवून, कायम वेतनावर द्यावीत, ही असावी.

मर्यादांकडेही डोळेझाक करू नये. सिमेंट फुकट येत नाही. एक टन सिमेंटमागे अर्ध्या टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणून जी माती नुसती सुकवून, चाळून, धुमसून वापरता येते, तिच्यात सिमेंट घालणे हा अपव्यय आहे. काही मातींत, विशेषतः ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मातीत, सिमेंट मिसळल्यावर षट्संयुजी क्रोमियम हा विषारी घटक पाझरण्याचा संभव असतो. जपानमध्ये २००० सालापासून सार्वजनिक बांधकामांत त्याची चाचणी घेतली जाते. कारखान्याच्या जागेवरची दूषित माती तर या मार्गाने शहरभर पसरण्याचा धोका आहे. ओतताना नळ तरंगून वर येतो, त्याला बांधून ठेवावे लागते. आणि सिमेंट कमी घालून पैसे खाण्याची वाट येथेही मोकळी आहे. तंत्र प्रामाणिकपणा निर्माण करीत नाही. अप्रामाणिकपणा पकडणे ते फार तर सोपे करते.

कायद्याची फट

मग पन्नास-साठ वर्षे ठाऊक असलेले तंत्र सर्वत्र का रुजले नाही? याचे उत्तर पुन्हा मालकीपाशी येते. जपानचा १९७० चा कचराविषयक कायदा खणलेल्या मातीला कचरा मानत नाही. माती निसर्गाची, ती कचरा कशी, हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे. पण त्याचा परिणाम असा की कचऱ्याला लागू असलेली पावत्यांची साखळी मातीला लागली नाही. २००० साली बांधकामातील मालाच्या पुनर्वापराचा स्वतंत्र कायदा झाला. त्याची सक्ती काँक्रीट, डांबर आणि लाकूड यांना लागली, मातीला नाही. अशा रीतीने माती कचराही ठरली नाही आणि मालही ठरली नाही. जे कशातच मोडत नाही, त्याला धनी नसतो.

अटामीच्या मृत्यूंनंतर ही फट बुजवण्यास आरंभ झाला. मे २०२३ पासून देशभर भरावावर नियंत्रण ठेवणारा कायदा लागू झाला. पूर्वी स्थानिक नियमांखाली दंडाची कमाल मर्यादा १० लाख येन होती. आता कंपनीला ३० कोटी येनपर्यंत दंड होऊ शकतो. जून २०२४ पासून मोठ्या कामांतील ठेकेदाराने माती अखेर कोठे पोचली याची खातरजमा करणे बंधनकारक झाले. मात्र याहून मूलगामी तत्त्व जपानच्या सार्वजनिक कामांत आधीपासून होते. काम देणाऱ्या सरकारी खात्यानेच माती कोठे न्यायची ते करारात लिहायचे आणि तेथवरच्या वाहतुकीचे पैसे अंदाजपत्रकात धरायचे. माती कोठे न्यायची हे ठेकेदारावर सोडले, की तो सर्वांत स्वस्त घळ शोधतो. ते काम देणाऱ्याने ठरवले, की उणे किमतीच्या मालाला प्रथमच एक धनी मिळतो.

येथे समाजवादी विचाराचा खरा संबंध येतो. शहरातील सर्वांत मोठा खणणारा कोण? महापालिका, रेल्वे, पाणीपुरवठा, वीज यांच्या सार्वजनिक संस्था. सर्वांत मोठा बुजवणारा कोण? त्याच संस्था. या बाजाराच्या दोन्ही टोकांना जनतेचा पैसा उभा आहे. मधल्या अंधारात तेवढा खाजगी नफा आहे. दोन टोके जोडण्यासाठी क्रांती लागत नाही. खणण्याचे आणि बुजवण्याचे वेळापत्रक एका टेबलावर ठेवावे लागते. यालाच नियोजन म्हणतात.

आपल्याकडील प्रश्न

महाराष्ट्रात हा विषय दूरचा नाही. मुंबईत आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मेट्रो २०२५ साली पूर्ण झाली. रस्त्यांवरचे चर तर दरवर्षी खणले जातात आणि दरवर्षी खचतात. खाडीकिनारी रात्री राडारोडा टाकून कांदळवन मारायचे आणि मग ती जागा भरणीची म्हणून बळकवायची, हा धंदा मुंबई-ठाण्यात कोणाला अपरिचित नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवनांच्या तोडीला मनाई केली, तरी डंपरचा प्रश्न पोलिसी पहाऱ्याने सुटणारा नाही. मातीला जाण्यासाठी दुसरी वाट ठेवावी लागेल. केंद्राच्या २०१६ च्या नियमांनी मोठ्या बांधकामांत माती वेगळी काढण्यास सांगितले आणि सरकारी व पालिकेच्या कामांत दहा ते वीस टक्के पुनर्निर्मित माल वापरण्याची तरतूद केली. २०२५ साली त्यांच्या जागी नवे नियम अधिसूचित झाले. आता कागदावरील ही तरतूद निविदेच्या अटींत उतरवून घेण्याचे काम आहे.

जपानची प्रमाणे येथे जशीच्या तशी चालणार नाहीत. मुंबईच्या खोदकामात काळा पाषाण बराच. तो फोडून खडी करणेच इष्ट. विदर्भ-मराठवाड्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यासाठी चुना वा सिमेंटचे प्रमाण स्वतंत्रपणे तपासावे लागेल. ही कामे सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत होऊ शकतात. त्यासाठी परदेशी सल्लागाराची गरज नाही.

वॉर्डात काम करणाऱ्या कार्यकर्त्याने चार गोष्टींचा आग्रह धरावा. पहिली, प्रत्येक सार्वजनिक कामाच्या अंदाजपत्रकात मातीची बाब वेगळी दाखवावी आणि ती कोठे जाणार त्या जागेचे नाव लिहावे. दुसरी, वाहतुकीचे पैसे फाटकाबाहेर पडलेल्या खेपेवर न देता, पोचल्याच्या पावतीवर द्यावेत आणि त्या पावत्या वॉर्ड कार्यालयात कोणालाही पाहता याव्यात. तिसरी, माती चाळण्याचे आणि मिश्रणाचे केंद्र महापालिकेच्या किंवा मजूर सहकारी संस्थेच्या हाती असावे. ते एका कंपनीच्या मक्तेदारीला देऊ नये, नाहीतर आज माती नेण्याचे पैसे घेणारा उद्या तीच माती विकण्याचे पैसे घेईल. चौथी, चर बुजवताना पसरणीची आणि मजबुतीची चाचणी जाहीरपणे व्हावी आणि तिचा आकडा त्याच जागी फलकावर लावावा.

या मागण्यांत घोषणा देण्याजोगे फारसे नाही. मातीच्या पावत्यांसाठी मोर्चा निघत नाही. पण अटामीतील २८ आणि शेन्झेनमधील ७७ माणसे ज्या मातीखाली गेली, ती कोणत्याही एका दिवशी तेथे पडली नव्हती. ती खेप खेप करून, वर्षे वर्षे, सर्वांच्या समोर रचली गेली होती, आणि प्रत्येक खेपेच्या वेळी तिचा हिशेब मागता आला असता. पुढच्या पावसाळ्यापूर्वी आपापल्या वॉर्डातील एका तरी कामाचा हा हिशेब लेखी मागावा. उत्तर आले तर ते तपासावे. न आले तर ती माहिती लोकांपुढे ठेवावी. सुरुवात एवढ्यावरही होऊ शकते.